कमरभाभींनी काढलेल्या बारा जाळ्या

आमच्या घरी कमरजहांभाभी पहिल्यांदा आल्या तो दिवस मला आठवतो, कारण आईने त्यांना दारातच विचारलं होतं, "मेकॅनिक कुठे आहेत?"

"मीच," भाभी म्हणाल्या.

अठ्ठ्याऐंशी साल असावं. आम्ही पुण्यात फडके हौदाजवळ राहायचो. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. आई आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवायची आणि तिचं पायमशीन पंधरा दिवस टाके सोडत होतं. कसब्यातल्या पवळे चौकाजवळच्या बोळात हुसेनभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते सायकलवरून घरोघरी जाऊन काम करायचे. आईने दोनदा निरोप ठेवला, कुणी आलं नाही. तिसऱ्या निरोपावर ही बत्तीस-चौतीस वर्षांची बाई खांद्याला कापडी पिशवी लावून दारात उभी राहिली.

"आलात का," आई म्हणाली. "मला वाटलं आता मशीनचं वर्षश्राद्धच घालावं लागतंय."

भाभी हसल्या नाहीत. नवऱ्याच्या, हुसेनभाईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, हे त्यांनी चार शब्दांत सांगितलं. आता ते दुकानात खुर्चीवर बसून काय करायचं ते सांगतात आणि भाभी हाताने करतात. सहा महिने झाले. "नको असेल तर जाते," त्या म्हणाल्या. "पण आलेच आहे, तर बघून जाते."

मग त्यांनी मशीन उघडलंच नाही. आईला म्हणाल्या, "तुम्ही शिवा, मी बघते."

आईने चिंधीवर एक ओळ मारली. भाभी वाकून बघत होत्या. नंतर त्यांनी सुई काढली, अर्धा फेरा फिरवून परत बसवली, दात्यांमधला कापसाचा गोळा चिमटीने उचलला आणि तेलाचे चार थेंब सोडले. टाका सरळ पडायला लागला. पाच मिनिटांचं काम. त्यांनी फक्त तेलाचे पैसे घेतले आणि पुढचा अर्धा तास आईला सुई कशी बसवायची, कापूस कधी काढायचा, तेल कुठे कुठे घालायचं हे शिकवलं.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाईला धंदा कळत नाही."

हुसेनभाईंचंही तेच मत होतं, हे मला नंतर कळलं. "तू गिऱ्हाईकाला सगळं शिकवून येतेस," ते म्हणायचे, "मग ते परत कशाला येईल?" भाभी म्हणायच्या, "मला तरी तुम्ही शिकवलंतच ना." पण गिऱ्हाईक कमी झालं नाही. दुपारी घरात बायका एकट्या असायच्या. परका पुरुष तासभर घरात बसणार म्हटलं की त्या काम पुढे ढकलायच्या. भाभींना मात्र त्या चहा टाकून बसवून घ्यायच्या, आणि शेजारणीला हाक मारून "तुमचंही दाखवा हो मशीन" म्हणायच्या. आमच्या वाटेवरच्या किती घरांतून दुपारी मशीनचा तो खटखट आवाज यायचा, ते आज सांगून पटणार नाही. मुलांचे कपडे, पडदे, गोधड्या, उशांचे अभ्रे, सगळं घरीच व्हायचं. शाळेतून येताना मला आवाजावरून कळायचं, कुणाकडे काय चाललंय. साडीच्या फॉलबिडिंगचा आवाज सलग असतो, ब्लाउजचा तुटक.

आई आणि भाभींची पुढे मैत्री झाली. आई त्यांना "अहो कमरभाभी" म्हणायची, त्या आईला ताई म्हणायच्या, आणि मला मंदाकिनी असं पूर्ण नावाने हाक मारायच्या. तेव्हा मला तसं दुसरं कुणीच म्हणत नसे.

जे सांगायला बसले आहे ते नव्याण्णव सालचं.

तोवर घराघरांतली मशीनं कमी व्हायला लागली होती. तयार कपडे स्वस्त मिळत होते. हडपसरला एका शिलाईच्या कारखान्यात भाभींना काम मिळालं. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना, बेचाळीस मशीनं, सगळी मोटरवरची. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या महानगरपालिकेपासून बस पकडायच्या. एवढं मोठं, नियमित काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. हुसेनभाईंनी आनंदाने डाव्या हाताने एक वहीचं पान भरून मोटरच्या मशीनबद्दलच्या सूचना लिहून दिल्या. ते अक्षर वाचायला भाभींनाच जमायचं.

मोटरच्या मशीनला सुईसमोर तारेची एक लहानशी जाळी असते, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. कॉलर शिवणाऱ्या मुलींना ती आडवी यायची. कॉलरचं टोक वळवताना टाका नीट दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जून जवळ येत होता. माल वेळेवर निघत नव्हता. तिथले व्यवस्थापक यज्ञेश्वर म्हणून होते. त्यांनी भाभींना सांगितलं, "कॉलरच्या बारा मशीनांच्या जाळ्या काढून टाका."

"ती असायला लागते," भाभी म्हणाल्या.

"भाभी, तुम्ही मशीनचं बघा. माणसांचं मी बघतो."

भाभींनी बारा जाळ्या काढल्या. बिस्किटांच्या एका डब्यात भरून फळीवर ठेवल्या. पुढच्या आठवड्यात माल भराभर निघाला आणि यज्ञेश्वरांनी त्यांना पेढा दिला.

तिसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, त्या पोचल्या तर कॉलरच्या रांगेतलं एक मशीन बंद होतं आणि खालची फरशी नुकतीच धुतलेली होती. आदल्या दिवशी पूर्णिमा नावाच्या वीस वर्षांच्या मुलीच्या तर्जनीत सुई नखातून आरपार गेली होती. बोटाच्या आत सुई तुटली. ती दवाखान्यात होती.

यज्ञेश्वरांनी भाभींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. कामगाराने सुरक्षेची जाळी स्वतःच्या मर्जीने काढली, असं त्यात लिहिलं होतं. खाली मेकॅनिकच्या सहीची जागा.

"ही नुसती पद्धत आहे," ते म्हणाले. "यात डोकं घालायचं कारण नाही."

"मी घरी विचारून सांगते," भाभी म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी हुसेनभाईंना सगळं सांगितलं. ते चिडले. अकरा वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस घाबरतो तेव्हा चिडतोच. "सही केलीस तर काम राहील," ते म्हणाले. "नाही केलीस, तर ती पोरगी काय आपल्याला भाकरी घालायला येणार आहे?"

"जाळ्या मी काढल्या."

"त्यांनी सांगितलं म्हणून काढल्यास."

"पान्हा माझ्या हातात होता."

हुसेनभाईंनी विचारलं, "जाळ्या परत बसवल्यास?"

भाभींच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर त्या कागदाचाच विचार करत होत्या. बाकीच्या अकरा मुली तेवढा सगळा दिवस तशाच शिवत होत्या.

"आधी जाळ्या बसवून ये," हुसेनभाई म्हणाले. "सहीचं काय करायचं ते मग बघ."

दुसऱ्या दिवशी शनिवार, त्यांचा वार नव्हता. तरी त्या गेल्या, डबा उतरवला आणि एकेक मशीन थांबवून बाराच्या बारा जाळ्या बसवल्या. मुली कुरकुरल्या. एक म्हणाली, "आता आमचे नग कमी होणार." भाभी म्हणाल्या, "होऊ देत." नंतर केबिनमध्ये जाऊन त्यांनी तो टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: जाळ्या मी काढल्या. यज्ञेश्वर यांनी सांगितल्यावरून काढल्या. काढायला नको होत्या. खाली सही केली, तारीख घातली.

मालकांपर्यंत तो कागद गेला. पूर्णिमाच्या उपचाराचा खर्च कारखान्याने केला, तिला कामावरूनही काढलं नाही. भाभींना मात्र मंगळवारी फाटकावरच सांगितलं, की आता यायची गरज नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, तेव्हा बरं वाटलं असेल ना, खरं लिहिल्यावर? त्या म्हणाल्या, "बरं कसलं? पोरीचं बोट तर कामातून गेलं होतं."

दोन आठवड्यांनी त्या पत्ता शोधत हडपसरला पूर्णिमाच्या घरी गेल्या. सोबत संत्री घेतली होती. पूर्णिमाची आई विमलाबाई दारातच बसली होती. भाभींनी आपण कोण ते सांगितलं.

"जाळी तुमीच काढली म्हंता," विमलाबाई म्हणाली, "आन् आता संत्री घिऊन आला व्हय?"

"बरोबर आहे तुमचं," भाभी म्हणाल्या.

विमलाबाईने त्यांना आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. पण 'जा' असंही म्हणाली नाही. ती बोलत राहिली आणि भाभी पायरीवर बसून ऐकत राहिल्या. आत पूर्णिमा बोटाला पट्टी बांधून बसली होती. शेवटी तिनेच बाहेर येऊन विचारलं, "सुई आतून कशी चालते? मला आता मशीन म्हटलं की तेवढंच दिसतं."

"दुकानात ये," भाभी म्हणाल्या. "उघडून दाखवते."

ती महिन्याभराने आली. बोटाचं टोक ताठ राहिलं होतं, बारीक शिवण तिला परत जमणार नव्हती. भाभींनी एक जुनं मशीन उलटं करून तिच्यासमोर ठेवलं आणि चाक हाताने हळूहळू फिरवून दाखवलं. सुई खाली जाते, बॉबिनचा दोरा फासात घेते, वर येते. पूर्णिमाने तासभर नुसतं चाक फिरवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. वर्षभर आठवड्यातून दोनदा ती हडपसरहून बसने कसब्यात येत होती. हुसेनभाई खुर्चीवरून तिला शिकवायचे, आणि भाभींना जे कधी नीट जमलं नाही ते मोटरचं काम तिला पटकन जमलं. दोन हजार चार साली हुसेनभाई गेले, तेव्हा पूर्णिमा त्यांच्या घरी तीन दिवस राहिली होती.

आज पूर्णिमा सत्तेचाळीस वर्षांची आहे. हडपसरला तिचं स्वतःचं दुकान आहे, चार कारखान्यांची मशीनं ती सांभाळते. मी तिला विचारलं, "भाभींना तू माफ केलंस ते कधी?" ती म्हणाली, "माफ केलं असं मी कधी म्हणाले नाही. त्यांनी विचारलंही नाही."

हे सगळं आत्ता लिहायचं कारण भाभींची नात सुहाना. ती हडपसरच्याच एका आयटी कंपनीत आहे. मार्चमध्ये त्यांच्याकडे महिला दिनाला भाभींना बोलायला बोलावलं होतं. आयोजकांनी एक फॉर्म पाठवला: तुमच्या यशाची पाच सूत्रं, तुमचं मोटिव्हेशन. तो भरायला भाभींनी मला बोलावलं, मी मराठी शिकवायचे म्हणून. पाच सूत्रं काही निघेनात. दोन निघाली: गिऱ्हाईकाला आधी शिवून दाखवायला सांगायचं, आणि आपल्याला येत नसेल तर येत नाही म्हणायचं. मग त्या म्हणाल्या, "जाळ्यांचं सांगते."

"दादी, ते जरा निगेटिव्ह वाटेल," सुहाना म्हणाली. "लोकांना इन्स्पायरिंग काहीतरी हवं असतं."

"मग दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," भाभी म्हणाल्या.

शेवटी त्यांनी तेच सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. मी पहिल्या रांगेत बसले होते. थंडगार हॉलमध्ये दीडशे मुलंमुली, बऱ्याच जणांच्या हातात मोबाईल. गोष्टीत हुसेनभाई जाळ्या परत बसवल्यास का विचारतात, तिथे मोबाईल खाली गेले. संपल्यावर आयोजकांनी प्रश्न विचारायला सांगितलं. मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, नाही म्हणायला हवं होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिली जाळी काढताना," भाभी म्हणाल्या.

नंतर चहा झाला. ती मुलगी चहाला थांबली नाही, जागेवर जाऊन लॅपटॉप उघडून बसली. सुहाना म्हणाली की ती टेस्टिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअर तपासून पास करते, आणि तिच्या टीमचं काहीतरी त्या संध्याकाळी ग्राहकाकडे जायचं होतं. गेलं की थांबलं, ते मला माहीत नाही.

भाभींनी गेल्या दिवाळीत दुकान सोडलं. हात थरथरतो, बारीक स्क्रू धरता येत नाही. हत्यारं पूर्णिमा टेम्पोतून घेऊन गेली. त्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मंडईतून येताना आम्ही दोघी त्या बोळातून येतो. परवा मी विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसाने फळी न पुसताच वर माल मांडलाय, त्याचं जास्त वाटतं."