भाऊजींचा उजवा पाय

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गाडी चालवायला शिकवतात. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला खोडच लागली आहे. जिथे ब्रेक नाही तिथेही तो दाबला जातो. आईने आमटीत दुसऱ्यांदा मीठ टाकायला हात नेला, की टेबलाखाली धप्प.

ताई पोस्टात. तिची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि तिथल्या उपनगरात घर शोधायची वेळ आली. तिची दोन मुलं. थोरली शहाणी, तिचा त्रास नाही. धाकट्याच्या पायाला मात्र भिंगरी. हात सुटला की तो थेट रस्त्याकडे धावतो. समजावून झालं, रागावून झालं, शेवटी सगळ्यांनी हात टेकले. ताईचा जीव कायम टांगणीला. त्यामुळे तिची एकच अट होती. ती दलालाला म्हणाली, "घर कसंही चालेल, पण रस्ता गरीब हवा."

तो बिचारा आम्हाला पडक्या गोदामांच्या मागे घेऊन गेला. "याहून गरीब रस्ता आपल्याकडे नाही, मॅडम."

पोरं सांभाळायला मला नेलं होतं, म्हणून हे सगळं मी पाहिलं. दलाल ओटा दाखवायचा, कपाटं उघडायचा. भाऊजी आधी खिडकी गाठायचे. "घर छान आहे हो," असं तोंडाने म्हणायचे आणि खाली कुणी वळणावर जोरात आलं की पाय धप्प. ताई त्यांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. पाय वाजला की पर्स उचलायची. एका ठिकाणी खालच्या मजल्यावरच्या आजी, वर काय फोडताय, म्हणून विचारायला आल्या.

मग ती गल्ली सापडली. बैठं घर, दाराला पायऱ्या, पुढे फाटक. भाऊजी फाटकाशी उभे राहिले ते हलेचनात. प्रत्येक गाडी गोगलगायीच्या चालीने येत होती. वळण्याआधी सिग्नल, कोपऱ्यावर पूर्ण थांबणं, आरशात बघणं. "काय संस्कार आहेत इथल्या लोकांवर," भाऊजी म्हणाले. पाय अगदी गप्प होता. ताईने घर आतून न बघताच होकार दिला.

सामान उतरलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी उलगडा केला. गल्लीच्या टोकाला लायसन्सच्या परीक्षेचं मैदान होतं. आपला नंबर लागेपर्यंत लोक घरच्या गाडीतून इथे शेवटचा सराव करायचे. "तुमच्या आधीच्या भाडेकरूंचं फाटक त्यांनीच पाडलं," काकू कौतुकाने म्हणाल्या.

वीस वर्षं ज्यांच्यापासून जीव वाचवला, तेच सगळे दारात! भाऊजींचा चेहरा बघवेना. मला हसू आवरेना, हे मात्र खरं. "खोकी उघडू नकोस," त्यांनी ताईला सांगितलं, "दुसरं घर बघू." ताईला रडू येत होतं, ते मला दिसत होतं.

दुसरं घर मिळेपर्यंत भाऊजी सुटीचा अख्खा दिवस पायरीवर बसू लागले. गाडी आली की धप्प, गेली की सुस्कारा. धाकट्याला हा खेळ फार आवडला. तोही शेजारी बसून इवलासा पाय आपटायचा. "बाबा, हा चुकला?" "चुकला. क्लच लवकर सोडला."

एका संध्याकाळी थोरलीचा चेंडू फाटकाबाहेर गेला. धाकटा सुसाट निघाला. ताई दारात, मी दोरीवरचे कपडे काढत होते, भाऊजी पायरीवर. कुणाचाच हात पोचणार नव्हता. कोपऱ्यावरून एक गाडी वळली.

भाऊजींचा पाय पायरीवर दणकन वाजला.

त्याच क्षणी फाटकातून तसाच, पण बारीक, धप्प असा आवाज आला. धाकटा फाटकाच्या आतच उभा होता. उजवा पाय त्याने जमिनीवर सगळा जोर लावून दाबून धरला होता. सिग्नल देत, थरथरत गाडी पुढे निघून गेली. मगच त्याने पाय उचलला.

"बाबा," तो म्हणाला, "मी वेळेवर दाबला?"

भाऊजींनी नुसती मान डोलावली.

ताई आत गेली आणि भांड्यांची खोकी उघडायला बसली.