आईनं बोललेले सिनेमे

माझ्या लहानपणचे सिनेमे तुम्ही पाहिलेच नाहीत. तुम्ही पाहिले ते वेगळे. नावं तीच, नट तेच, पण शेवट भलतेच. आमचे शेवट आमच्या आईनं केले होते.

भद्रावतीकडे एका कोळसा खदानीच्या कॉलनीत आमचं क्वार्टर. बाबा अंडरग्राउंडला, जमिनीच्या पोटात. भोंगा पाळी बदलताना वाजायचा. अवेळी वाजला म्हणजे खाली काहीतरी झालं. म्हणून बाबा डूटीवर असले की आई रविवारच्या सिनेमाचा आवाज पार बंद करून टाकायची. मी अशी चिडायची!

"मंग पाहू कशाले?"

"डोळ्यानं पाह्य. कान मले पाह्यजेत," ती म्हणायची, आणि तांदूळ पाखडता पाखडता पडद्यावरच्यांचं बोलणं स्वतःच बोलायची.

आणि काय बोलायची! व्हिलननं हीरोची कॉलर धरली, की "जेवाले चाल म्हणून राह्यला." पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली, की "देवळात चालली." म्हातारा बाप पोराच्या मांडीवर डोळे मिटायचा, तर आई म्हणे, "थकला बिचारा, झोपला." कोणाचाच बाप तिनं मरू दिला नाही. पुढं हॉस्टेलात तोच सिनेमा आवाजासकट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. बाकीच्या पोरी रडत होत्या, मी रागानं लाल. चांगल्या सिनेमाचं या सिनेमावाल्यांनी उगाच वाटोळं केलं, असं मला आजही वाटतं.

पण त्या रविवारचं सांगते. बाबा दुपारच्या पाळीला गेले होते. पडद्यावर एका पोराचा बाप पुराच्या पाण्यात उतरला, आणि बाहेर भोंगा सुरू झाला. थांबेचना. आईच्या हातातलं सूप तांदळासकट खाली पडलं. "दाराबाहेर पाय नाई ठेवाचा," एवढं म्हणून ती चपला न घालताच पळाली. सगळी कॉलनीच पळत होती.

टीव्ही चालूच होता. लहान भावानं विचारलं, "ताई, त्याचा बाप कुठी गेला?"

"पोहून येते न गा! चूप बस!" मी खेकसले. पडद्यावर पाणीच पाणी, बाप काही दिसेना. हा वर नाही आला तर आपलेही बाबा येणार नाहीत, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. टीव्ही बंद करायची हिंमत होईना, बघवतही नव्हतं. तेवढ्यात सिनेमा थांबवून बातम्या लागल्या, मग लांबलचक जाहिराती.

जाहिराती चालू असतानाच आई आली. मागं बाबा, सगळे काळे, डोळे तेवढे पांढरे. मी त्यांच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडेचना. खाली खदानीचं छत कोसळलं होतं, बाबा पलीकडच्या बाजूला होते म्हणून वाचले.

आईच्या कडेवर शेजारच्या क्वार्टरमधली पोरगी होती. तिचे बाबा अजून खालीच होते. तिची आई खदानीच्या तोंडाशी बसून होती, उठायला तयार नव्हती.

आईनं पोरीला आमच्याजवळ बसवलं, हातात बिस्कीट दिलं. जाहिराती संपल्या, पुन्हा तेच पाणी, काठावर तेच पोरगं. आमच्या घरी गोष्ट कोण सांगतं हे त्या पोरीला ठाऊक होतं. तिनं जरा वेळ पाहिलं आणि आईकडे मान वळवली.

"काकू, याचा बाप येते का?"

मी आईकडे पाहिलं. म्हण न आई, येते म्हण. काय जाते तुझं? आत मोरीत बाबा अंगावर पाणी घेत होते, त्याचा आवाज इथवर येत होता. आईनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

"मले नाई माहीत, माय," ती म्हणाली.