मिशीवाल्याची तपासणी

सिल्वासाजवळच्या मसाट गावातल्या सूत कारखान्यात वाल्मिकच्या मिशीचा भारी रुबाब होता. आवाज भारदस्त, अंगात बैलाची ताकद. अशा गड्याची कसली तपासणी करायची? मूल होत नाही म्हणजे खोट बाईतच, असं त्याच्या आईने, कोंडाबाईने, ठरवून टाकलं होतं. पहिली बायको कावेरी सहा वर्षं दवाखाने झिजवत राहिली. शेवटी धुळ्याकडच्या गावी चार माणसं बसली आणि वांझ म्हणून तिला सोडचिठ्ठी दिली. आपला हा मिशीवाला तिथे खाली मान घालून बसला होता.

दुसरी चंदा. चार वर्षं झाली तरी तिचीही कूस उजवेना, तेव्हा सिल्वासातले डॉक्टर म्हणाले, आधी नवऱ्याला तपासू. त्यांनी तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याची वृषणं त्याच्या पोटात असतात आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात. तिथे अंगापेक्षा जरा गारवा असतो, बीज तयार व्हायला तो लागतोच. वाल्मिकची दोन्ही वृषणं वरच राहिली होती. मात्र दाढीमिशी आणणारा रस ती आतूनही रक्तात सोडत होती.

‘‘इसलिए किसी को शक नहीं हुआ,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बचपन में ऑपरेशन हो जाता तो शायद बात बन जाती.’’

आपली पिशवी रिकामी आहे हे वाल्मिकला अंघोळीत कळत होतंच. पण मिशी फुटली आणि त्याने तो विषय मनातून काढून टाकला. त्याने गावी कोंडाबाईला फोन लावला आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

‘‘तू लहान होता तेव्हा माले दिसे,’’ ती म्हणाली. ‘‘सुईण म्हणे, उतरतील आपोआप. लोक तुले हसतील म्हणून मी कोणाले बोलली नाही.’’

वाल्मिकला आईचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. तरी चंदाला ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगून तीन महिने त्याने तोंड उघडलं नाही.

मग एका रविवारी तो जवळच्या नरोली गावाला गेला. कावेरी आता तिथल्या चाळीत दुसऱ्या नवऱ्याबरोबर राहत होती. तिची तरी माफी मागावी, एवढंच त्याच्या मनात होतं. ती नळावर पाणी भरत होती, तीन वर्षांची पोर पदराला धरून उभी होती. वाल्मिकने अडखळत सगळं सांगितलं.

‘‘हाई पोर झाली तेव्हाच माले समजलं,’’ कावेरी म्हणाली. ‘‘चंदाले सांगलं का तुम्ही?’’

त्याने नकारार्थी मान हलवली.

‘‘मंग माझ्याकडे कशाले आले?’’ तिने हंडा उचलला आणि पोरीला घेऊन आत गेली.

घरी चंदा भाकरी थापत होती. वाल्मिक तिच्यासमोर बसला.

‘‘तुझ्यात काहीच खोट नाही, चंदा. माझ्यात आहे. माले तीन महिन्यांपासून माहीत आहे.’’

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी चंदाने ती उलटली नाही. पिठाचा हात तसाच तिच्या पोटाकडे गेला.

‘‘मागच्या महिन्यात मूल व्हावं म्हणून भगताने इथे तापल्या विळ्याने डाग दिला,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा तुम्ही दाराबाहेरच बसले होते ना?’’

‘‘हो,’’ वाल्मिक म्हणाला.