तात्यांचा मोरया

नव्वदच्या दशकात मी रोज बारामतीहून एसटीनं इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात जायची. तिथल्या ऊसनोंदणी विभागात चार नवे कॉम्प्युटर आले होते आणि चार कारकुनांना ते शिकवायचं काम माझं होतं. कुणी उसाची लागण कधी केली ते हे कारकून आजवर वहीत लिहायचे, आणि त्याच क्रमानं ज्याची त्याची ऊसतोड ठरायची. सगळे देवळात यावं तसे चपला बाहेर काढून आत यायचे. ती गार खोली आठवली की अजून जीव हळवा होतो.

त्यातले सगळ्यात जुने कारकून, तात्या, निवृत्तीला आले होते. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "प्रत्येकानं आपापला पासवर्ड टाका आणि कुणाला सांगू नका." का सांगायचा नाही, हे सांगायचं मला सुचलंच नाही. तात्यांनी एका बोटानं, मोठ्यानं म्हणत ‘मोरया’ टाकलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर देवाचं नाव लिहायची त्यांची जन्माची सवय. बाकीच्या तिघांनीही तेच केलं. मला हसू आलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

ऐन हंगामात एक शेतकरी तणतणत आला. "माझी लागण आधीची, अन् तोड शेजाऱ्याची आधी कशी?" कॉम्प्युटरवर बघितलं तर शेजाऱ्याच्या लागणीची तारीख महिनाभर मागं सरकवलेली, आणि बदल तात्यांच्या नावानं केलेला. विभागाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत तात्यांना लबाड म्हटलं. तात्या उठून कपाटातली जुनी वही घेऊन आले.

ते वाचले ते शाईनं लिहिलेल्या त्या वहीमुळं. तीत त्यांच्याच अक्षरात खरी तारीख होती; लबाडी करायची असती तर त्यांनी तिथंही खोटीच लिहिली असती. बदल कुणी केला, ते कधीच कळलं नाही. मोरया सगळ्यांनाच ठाऊक होता.

दुपारी मी म्हणाले, "तात्या, पासवर्ड म्हणजे तुमची सही. तो ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या नावानं काहीही लिहील."

त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. "तीस वर्सं हे पेन मी कुनाच्या हातात दिलं न्हाय. सायबाच्याबी न्हाय. हे आधीच सांगितलं असतंस तर, पोरी?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच आलं. तात्यांनी मात्र माझ्याकडं पाठ करून नवा पासवर्ड टाकला, आणि या वेळी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालूनच ते माझ्या टेबलाशी आले. कानाशी वाकून म्हणाले, "तुझ्यावर भरवसा हाय. जाता जाता तुला तेवढा पासवर्ड सांगून जातो."

मी दोन्ही कान झाकले. "नको तात्या!"

तात्या हसले. "व्हय, आता तुलाबी कळलं."