खडूचा टब

बाथरूम नवं करायचं ठरलं, तेव्हा आमच्या ह्यांनी टबाचा हट्ट धरला. तोही भिंतीला चिकटलेला नको, मधोमध ऐटीत उभा असलेला, चारी बाजूंनी मोकळा. मिस्त्रींनी वाद घातला नाही. टबाच्या मापाचा लांबट गोल त्यांनी फरशीवर खडूनं काढला आणि म्हणाले, "साहेब, एकदा झोपून बघा."

हे खरंच झोपले. नुकताच निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीच्या लेंग्यानिशी, कोरड्या फरशीवर, हात पोटावर ठेवून. मिस्त्रींनी दार उघडून पाहिलं, ते ह्यांच्या टाळूवर आपटलं.

"टब पलीकडे सरकवला, तर कमोडवर बसणाऱ्याला पाय टबात सोडावे लागतील," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले.

"आणि बादली कुठे ठेवायची?" मी विचारलं.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. चार तांबे अंगावर ओतून जन्मभर ऑफिस गाठलं, त्यातही बाहेरून कुणीतरी दार वाजवत असायचं. पाण्यात नुसतं पडून राहायचं असतं, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. इतका निवांत चेहरा मी ह्यांचा लग्नातही पाहिला नव्हता.

"वहिनी, मग शॉवरच धरू ना?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"धरा," मी म्हणाले, "पण खडू आज पुसू नका."

मिस्त्री गेल्यावर मी साडी सावरत खाली वाकले. "सरका जरा."

ह्यांनी डोळे न उघडता जागा केली. म्हणाले, "बेतानं ये, पाणी कडकडीत आहे."