साबणाची चौदा खोकी

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मला तोडणार नाही. चहा येतोय तोवर सांगून टाकतो. हा किस्सा मी आजवर सासुरवाडीत एका माणसालाही सांगितलेला नाही. पण तिथं तो सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण माझी बायको काही मुकी नाही!

आम्ही मूळचे अंबडचे, जालन्याकडचे. सुरतेत आधी चलथाणला राहायचो. मग एका दिवाळीनंतर दिंडोलीत दोन खोल्या घेतल्या. मागच्या खोलीत आम्ही चौघं आणि पुढच्या खोलीत बायकोनं, म्हणजे सुनंदानं, किराणा मांडला. मी कापडाला रंग देणाऱ्या मिलमध्ये होतो, सहा वर्षं. बारा तासांची पाळी आणि वाफ अशी की तांदूळ खिशात ठेवला तर भात होईल. घाम पुसला की रुमाल कधी निळा, कधी गुलाबी. नकोसा झाला होता जीव, खरं सांगतो.

गल्ली सगळी खानदेशी. कुणी अमळनेरचं, कुणी पारोळ्याचं. बहुतेक सगळे कापड विणायच्या लूमवर. मराठवाड्यातलं घर आमचं एकटंच.

तर झालं काय, गुढीपाडवा झाला आणि सुनंदाच्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाचा निरोप आला. दोन्ही पोरांना घेऊन ती दीड महिना जाणार. मग दुकान? मी म्हटलं, मी बघतो. मिलमधून बिनपगारी सुट्टी काढतो.

सुनंदा म्हणाली, "बरं. मी येईपर्यंत दुकान तुमचं. नीट चालवलंत तर मिल सोडून द्या, दोघं मिळून हेच करू. नाही जमलं तर परत मिल. कबूल?"

"कबूल!" असा ओरडलो की शेजारची कमलबाई दारात आली. मिल सुटणार म्हटल्यावर मी काय, सर्कस चालवायलासुद्धा तयार होतो.

रिक्षात बसता बसता सुनंदा म्हणाली, "आणि हे बघा, बायांना विचारत जा हो, त्या पुढच्या महिन्यात..."

"तू बाळंतपण बघ," मी म्हटलं, "दुकान मी बघतो." आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "चलो भाई!"

पहिल्याच आठवड्यात साबणाचा सेल्समन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, भारी बोलका माणूस. मी त्याला सहज विचारलं, कोणता माल किती भरावा हे कसं ठरवायचं? तो म्हणाला, "भैया, ग्राहक से कभी पूछने का नहीं. सिर्फ देखने का. माल खुद बोलता है. बड़े दुकानवाले सब ऐसा ही करते हैं."

माल बोलतो! काय वाक्य आहे! माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं रेघा मारायला लागलो. एक वस्तू गेली की तिच्या नावावर, खालून वर चढत, एक रेघ. तेल, मीठ, चहा, साबण, पोहे, काड्यापेटी. तुम्हाला सांगतो, मला त्याचं वेडच लागलं! कोण काय नेतं? कशाबरोबर काय नेतं? खोबरेल घेणारी बाई रोज कंगव्याकडं बघते आणि न घेता जाते, ती का? मी गिऱ्हाइकाकडं एकटक बघत बसायचो. तीन शनिवार मोजून मी शोध लावला की शनिवारी तेल खपत नाही. आता हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मी ते शोधून काढलं होतं, समजलं?

आणि मग साबणाचं सुरू झालं.

कमलबाई महिन्याला एक साबण न्यायची. तोही घरी जाऊन दोऱ्यानं मधोमध कापायची, मी बघितलंय. ती एक दिवस येऊन म्हणते, "भाऊ, सात साबण द्या. वासाचे."

सात! माझ्या हातातली तागडी तशीच राहिली.

"तेल?"

"तेल नको."

"डाळ?"

"डाळबी नको. पोहे द्या पावशेर. अन् चहाचे मोठे पुडे दोन."

गेली ती. लगेच तिची जाऊ आली. पाच साबण. मग समोरचा लूमवाला, त्याला नऊ! चार दिवसांत साबणाच्या रेघा दाराच्या वरच्या कडीला जाऊन भिडल्या आणि तेल-डाळीच्या रेघा खाली गुडघ्याशीच थांबल्या.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तोंड उघडून विचारलं असतं, "बाई, एवढा साबण कशाला?" संपलं! पण मला विचारायचं कुठं होतं? मला बघायचं होतं!

बघून बघून मी एक अंदाज बांधला. त्या वर्षांत सुरत झाडूनपुसून काढायचं चाललं होतं. रोगाची साथ येऊन गेली होती, त्यानंतर पालिकेनं रस्ते घासायचा सपाटाच लावला होता. माझ्या मनात आलं, हे लोण आता घरात शिरलंय. लोक खातायत कमी आणि आंघोळी करतायत जास्त! तेल-डाळ बंद, साबण चालू. एवढी साधी गोष्ट माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात आली नाही, याचं मला नवल वाटलं. खरं सांगू, थोडी कीवही आली लोकांची.

सेल्समनला बोलावलं. "साबण पाठवा. चौदा खोकी."

त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. "चौदह? भैया, सोच लिया ना?"

"सोचा नहीं," मी म्हटलं, "देखा!"

त्याचंच वाक्य त्याला परत केलं. एवढा खूश झालो होतो की बोलायची सोय नाही.

चौदा खोकी म्हणजे किती असतात हे ती दारात उतरल्यावर कळतं. चार खाटेखाली गेली. तीन चहाच्या पेटीवर. बाकीची रव्याच्या आणि कणकेच्या डब्यांवर, पार पत्र्यापर्यंत. वर चैत्राचं ऊन, पत्रा तापलेला, आणि सगळ्या घरात चंदनाचा घमघमाट. देवळात राहिल्यासारखं वाटायचं.

एका मंगळवारी सकाळी दुकान उघडलं. आठ वाजले, कुणी नाही. नऊ वाजले. मी तागडी पुसली, मग मापं पुसली. अकरा वाजेपर्यंत एक काड्यापेटी खपली, ती मीच घेतली. रेघ मारली तिचीही.

मग बाहेर येऊन बघतो तर काय, सगळ्या गल्लीत कुलपं! या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळावर भांडं नाही, दोरीवर कपडा नाही. पुन्हा साथ आली का काय? आणि सगळे मला एकट्याला सोडून पळाले?

ओट्यावर फक्त नथ्थूबाबा बसले होते, कमलबाईचे सासरे. मी धावत गेलो.

"बाबा, लोक कुठं गेले? साथ आली का पुन्हा?"

"कशाची साथ? आखाजी आली ना भो! सगळे पहाटेच्या गाडीनं गावले गेले. मी घर राखाले थांबलो."

"आखाजी म्हणजे आमची आखिती, अक्षय्य तृतीया ना? आमच्याकडं एका दिवसाची असते. घागर भरली, जेवण झालं, संपलं."

"तुमच्याकडं असंन. आमच्यात लेकी माहेरले येतात, झाडाले झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. मग मागून लगनं. वीस दिवस कोणी येत नई इथं."

मी मागं वळून दुकानाकडं बघितलं. "आणि... साबण?"

"बहिणीले, भाचीले, वहिनीले. सुरतहून जायाचं अन् रिकाम्या हातानं जायाचं का?"

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

नथ्थूबाबा हसले. "तुम्हले? तुम्ही तर बायांकडे डोळे फाडून बघत होते अन् दारावर रेघा मारत होते. बाया म्हणत, बायको गेल्यापासून दुकानवाल्या भाऊचं चित्त ठिकाणावर नई. त्याले काही बोलू नका!"

घ्या! म्हणजे मी त्यांचा अभ्यास करत होतो आणि त्या माझा.

दोन दिवस मी खोक्यांकडं बघत बसून राहिलो. मिलचं गेट, ती वाफ, तो भोंगा, सगळं डोळ्यांपुढं यायचं आणि रडू यायचं. पण माणूस मी खटपट्या. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. अरे, लोक वीस दिवसांनी येणार. घरात पीठ नाही, डाळ नाही, तिखट नाही. उतरल्या उतरल्या कुठं येणार? माझ्याकडं! साबणाचं सगळं एका फटक्यात भरून निघेल!

आता नथ्थूबाबा दहा पावलांवर बसले होते. दहा! जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण छे! मी गहू मागवला, तूरडाळीची दोन पोती मागवली, तिखटाचा डबा मागवला. जागा नव्हती म्हणून स्वतः समोरच्या चाळीच्या जिन्याखाली झोपायला गेलो.

आणि आले की लोक! एक दिवस सकाळी टेम्पो, रिक्षा, एकामागून एक. मी स्वच्छ शर्ट घालून, हातात माप घेऊन दारात उभा.

कमलबाई टेम्पोतून उतरली. "भाऊ, बरं झालं तुम्ही भेटले. जरा हात लावा ना, पोतं उतरवा."

लावला हात. पोतं चांगलंच जड होतं. आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला. "काय आहे यात?"

"तूरडाळ. घरची. त्या दुसऱ्यात गहू अन् तिखट. आता वरीसभर दुकानाकडे पाहायचं काम नई."

सगळ्या टेम्पोंत तेच. गहू, डाळ, तिखट, पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या. अख्खी गल्ली वर्षाचं सामान घेऊन आली होती, आणि ते मी स्वतःच्या पाठीवरून त्यांच्या घरात नेऊन टाकत होतो! तिसरं पोतं पाठीवर असतानाच मागून आवाज आला.

"अहो? दुकान सोडून हमाली कधीपासून?"

सुनंदा! दोन पोरं, दोन पिशव्या आणि कमरेवर हात.

मी तिला आत नेलं. म्हणजे खोक्यांमधून जेवढं आत जाता येत होतं तेवढं. काही बोलण्याआधी चहा केला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहात काय घातलंत?"

"चहाच."

"साबण लागतोय."

मग तिनं रवा हुंगला. कणीक हुंगली. चहाची पेटी उघडून बघितली. सगळ्याला चंदन! तीन आठवडे त्यावर साबण ठेवल्यावर दुसरं काय होणार? आणि मला वास येत नव्हता, कारण माझ्या स्वतःच्याच अंगाला तो यायला लागला होता.

सगळं सांगितलं मी, काही लपवलं नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आखाजीचं मला होळीलाच ठाऊक होतं. नळावर बायांनी सांगितलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगत तर होते! तुम्ही रिक्षावाल्याला 'चलो भाई' म्हणालात."

मी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "पाळी दिवसाची घेताय की रात्रीची?" आणि दारावरच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसायला लागली.

गेलो परत मिलमध्ये. डाळ-गव्हाचं सुनंदानं आठवड्यात मार्गी लावलं. गल्लीच्या मागं ओडिया कामगारांची खानावळ होती. ते कुठं गावाला गेलेले नव्हते आणि गावाहून काही आणणारही नव्हते. तिनं जाऊन विचारलं, डाळ लागते का? लागते म्हणाले. झालं!

साबण मात्र माझ्या डोक्यावर. मग मी रोज पिशवीत भरून मिलमध्ये न्यायला लागलो. रंगात बरबटलेली दोन-अडीचशे माणसं, पाळी सुटली की सगळी हौदावर. त्यांना साबण नको होय? खपायला लागला की हो! रंग काही निघत नव्हता, पण माणसं निळी का होईना, सुवासिक झाली. महिन्याभरात चौदाच्या चौदा खोकी संपली.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. बोलावणं आलं. मला वाटलं, आता नोकरीही गेली. साहेब गुजराती, मोजकं बोलणारे. म्हणाले, "चौद खोखा? एक महिनामां?" आणि रंगाच्या गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. "काल थी माल तू संभाळ."

म्हणजे उद्यापासून गोदाम मी सांभाळायचं. वाफेतून सुटलो! पंख्याखाली खुर्ची, समोर रंगांची पिंपं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण या वेळी शहाणा झालो होतो. आता बघत बसायचं नाही, विचारायचं! पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सायकल दामटत घरी आलो आणि दुकानात भर गिऱ्हाइकांत सुनंदाला विचारलं, "लाल रंग किती मागवू? निळा किती?"

तिच्या हातातली तागडी हललीसुद्धा नाही. "मला काय विचारता? जो तिथं कापड रंगवतो त्याला विचारा!"

आता सांगा, सहा वर्षं तिथं कापड रंगवत कोण होतं?