गुंड्या की पाखऱ्या

“हा लॅब्रॅडॉर मिक्स आहे आणि माझा आहे,” सबनीस बाई म्हणाल्या.

“ह्यो कारवानी हाय आन् माझा हाय,” म्हातारा म्हणाला.

ज्याच्यावरनं हे चाललं होतं तो माझ्या टेबलावर उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. बदामी रंग, छातीवर पांढरा पट्टा, वजन छत्तीस किलो. पोट असं सुटलेलं की टेबल कुरकुरत होतं.

मी जनावरांचा डॉक्टर. उभी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, बहुतेक म्हशींच्या मागं. रिटायर झाल्यावर राजारामपुरीत सकाळचं क्लिनिक टाकलं. माझा ड्रेसर इस्माईल सरकारीतही माझ्याबरोबर होता, तोही मागोमाग आला. मी तपासताना बोलत जातो आणि तो कार्डावर लिहीत जातो. वीस वर्षांची सवय आहे. हे कार्ड पुढं महत्त्वाचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

म्हाताऱ्याचं नाव मलगोंडा, पण सगळे आण्णा म्हणत. गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ते तपासणीसाठी कोल्हापुरात आले होते. दवाखान्यातनं बाहेर पडले तर समोरनं बाई कुत्रं फिरवत चाललेल्या. आण्णांनी भर रस्त्यात “पाखऱ्याऽ” म्हणून हाक मारली आणि दोरीच धरली. तिथनं दोघं भांडत भांडत माझ्या क्लिनिकात; मी हे कुत्रं पहिल्यांदाच बघत होतो. चार वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत फटाक्यांना घाबरून त्यांचा पाच वर्षांचा पाखऱ्या पळाला होता, तो आज सापडला असं त्यांचं म्हणणं.

बाई भूगोलाच्या शिक्षिका, रिटायर्ड. घरात त्या आणि हे कुत्रं, तिसरं कुणी नाही. दोन वर्षांपूर्वी कागलच्या रस्त्याला पावसात उभं असलेलं त्यांना दिसलं. “बरगड्या मोजून घ्याव्यात असा होता हो. सापळा नुसता. मी रिक्षात घालून आणला.” मग दूध-पोळी, तूप-भात, रविवारी शिरा. सापळ्याचा गुंड्या झाला, म्हणून नावही गुंड्या.

“डॉक्टर, तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या. “लॅब असेल तर यांनी हट्ट सोडायचा. यांच्या जातीचा निघाला, तर मी एक शब्द बोलणार नाही. घेऊन जाऊ देत.”

“कबूल,” आण्णा म्हणाले.

इथंच मी बोलायला पाहिजे होतं की बाई, कुत्र्याची जात हा एक प्रश्न आणि कुत्रं कुणाचं हा दुसरा. पण मी बोललो नाही. का, ते सांगतो.

माझी पहिली पाच वर्षं आण्णांच्याच भागात गेली. तिकडं शिकारी कुत्री पाळतात. कुणी मुधोळ म्हणतं, कुणी कारवानी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडनं आलेली जात, असं सांगतात. मी नवा डॉक्टर, खोलीवर एकटा. संध्याकाळी माळावर जाऊन बसायचो आणि ती कुत्री पळताना बघायचो. पळताना चारी पाय एकदम जमिनीवरनं सुटतात. नंतर बदल्या होत गेल्या, ते माळ राहिले मागं. आता माझ्या टेबलावर कोण येतं? पग येतो, त्याला धड श्वास घेता येत नाही. शित्झू येतो, डोळ्यावर केस आणि केसाला रिबन. हस्की येतो, बर्फावर गाडी ओढणारा गडी, तो आमच्या शाहूपुरीत एसीसमोर जीभ काढून पडलेला असतो. मी सगळ्यांना इंजेक्शन देतो, माझं तक्रार करण्याचं वय नाही. पण कारवानीवर हात फिरवून किती वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी टेबलाशी उभं राहिल्यावर कळलं. मला ते कुत्रं कारवानी असायला हवं होतं. खरं सांगायचं तर आण्णांपेक्षा मलाच जास्त.

तपासायला घेतलं.

“बाई, लॅब म्हणजे थंड पाण्यातनं मासेमारांची जाळी ओढणारं कुत्रं. डोकं रुंद, शेपूट बुडाशी मनगटाएवढं जाड. याचं शेपूट बघा. उसाच्या वाढ्यासारखं निमुळतं होत गेलंय.”

“मिक्स आहे म्हटलं ना मी.”

“डोकं बघा. दोन कानांमधली जागा किती कमी आहे, आणि नाक किती लांब. शिरा खाऊन पोट सुटतं, कवटी रुंद होत नाही.”

आण्णा खुशीत आले. “आन् कमरंची हाडं चाचपा की, डॉक्टरसाहेब.”

तिकडच्या लोकांची ती जुनी रीत आहे. कमरेवर दोन हाडं वर आलेली असतात, त्यांच्यामध्ये चार बोटं आडवी बसली तर कुत्रं अस्सल. गुंड्याच्या कमरेवर चरबीची गादी होती. बोटं दाबून दाबून हाडं शोधली. चार बोटं बरोबर बसली. मला घाम फुटला होता.

शेवटची परीक्षा नजरेची. लॅब नाकानं जगतो, कारवानी डोळ्यानं. गुंड्याच्या मागं बिस्किटाचा तुकडा टाकला, त्यानं वास काढायची तसदी घेतली नाही. मग इस्माईलनं उघड्या दारासमोरच्या गल्लीच्या टोकाला जाऊन दोरीला बांधलेली चिंधी ओढली. गुंड्या ताठ झाला. कान मागं गेले, मान लांब झाली, आणि ते पोट घेऊन त्यानं टेबलावरनं उडी मारायची तयारी केली. मी आणि आण्णांनी मिळून त्याला धरला.

“शंभर टक्के कारवानी,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच होता.

बाई खुर्चीवर बसल्या. “पण तो यांना ओळखतसुद्धा नाही, डॉक्टर. त्यांचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. मघापासून बघतेय मी.”

“बाई, ही जात गळ्यात पडणारी नव्हे,” मी तिथंही शहाणपणा केला. “लॅब चोरालाही शेपूट हलवतो. कारवानी लांब राहतो.”

“आन् चार वर्सं झाली की अक्का,” आण्णा हळू आवाजात म्हणाले. “मलाबी एकाच डोळ्यानं दिसतंय.”

बाईंनी आयुष्यभर पोरांना शब्द पाळायला शिकवलेलं. त्यांनी पर्समधनं गुंड्याचा पट्टा काढला, आण्णांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “रात्री पाणी लागतं त्याला. वाटी उशाशी ठेवा.” मग दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आण्णांनी गुंड्याला टेम्पोत चढवला तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी मात्र रस्त्यावर जाऊन टेम्पो वळेपर्यंत बघत होतो. फार चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी बाई परत आल्या. गुंड्याची कॅल्शियमची पावडर अर्धी उरली होती, ती कुणा गरजूला द्या म्हणाल्या. चार दिवसांत चेहरा उतरला होता. “फिरायची वेळ झाली की मी चप्पल घालून उभी राहते, डॉक्टर. मग आठवतं,” एवढंच बोलल्या.

मालकाचं नाव बदलायचं म्हणून इस्माईलनं कार्ड काढलं आणि वाचता वाचता थांबला.

“साहेब, आण्णांचं कुत्रं पळालं तेव्हा केवढं होतं म्हणाले?”

“पाच वर्षांचं.”

“म्हणजे आता नऊ. मग हे तुम्ही काय सांगितलं मला?” त्यानं कार्ड पुढं केलं. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: समोरचे दात पांढरे, वरच्या दातांची टोकं शाबूत, सुळे झिजलेले नाहीत, वय तीन ते चार.

कुत्र्याच्या समोरच्या दातांना ते नवेकोरे असताना तीन-तीन टोकं असतात. वय वाढेल तशी ती झिजतात, आधी खालच्या दातांची, मग वरच्या. नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या तोंडात ती शोधूनही सापडत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. मी तोंड उघडलं, बघितलं, सवयीनं बोललो, इस्माईलनं लिहिलं. माझं बोलणं मीच ऐकलं नव्हतं.

“चूक झाली, बाई,” मी म्हणालो. “कुत्रं कारवानी आहे. पण ते आण्णांचं नाही.”

बाईंनी पावडरचा डबा उचलून परत पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, “गाडी तुमची काढा.”

दुपारी आम्ही आण्णांच्या गावात होतो. रस्ताभर बाई मला झापतील असं वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी एकच विचारलं, “त्या माणसाला काय सांगणार?”

आण्णा घरापुढं घोंगडं टाकून बसले होते. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. शेजारी गुंड्या पडलेला. बाईंना बघून तो जो उठला तो सरळ त्यांच्या अंगावर. पुढचे दोन्ही पाय खांद्यावर ठेवून तोंड चाटायला लागला. गळ्यात न पडणाऱ्या जातीचं कुत्रं, माझ्यादेखत. बाई त्याचं डोकं धरून रडल्या.

“येनार म्हाईत हुतं,” आण्णा म्हणाले. “बसा पावणं.”

“आण्णा, माझं चुकलं. दात...”

“दात कशाला? माझा न्हवं, मला कळलंय की.”

“कधी कळलं?”

“पयल्याच दिशी, सांजच्याला. पाखऱ्या घरात, सोप्यात यायचा न्हाई कवा. उंबऱ्याला नाक लावून भाईर बसायचा. ह्यो पठ्ठ्या सरळ माझ्या हातरुणात.”

“मग फोन का नाही केलात हो?” बाईंनी विचारलं. रागावून नव्हे.

आण्णा घोंगड्याचा दोरा ओढत राहिले. “कराय पायजे हुता, अक्का. उद्या करू, उद्या करू म्हटलं. चार वर्सं झाली, घरात कुत्र्याच्या नखांचा आवाज न्हवता. ह्यो रात्री पानी प्याय उठला की फरशीवर टकटक वाजायचं. मी जागा ऱ्हायचो ऐकाय. माझं चुकलं. तुमी तिकडं रडत असशिला, ह्ये ठावं असून ठेवलं मी त्येला.”

बाई पुढं झाल्या. गुंड्याची दोरी हातात घेतली आणि तिथंच घोंगड्यावर टेकल्या. आण्णांच्या सुनेनं चहा आणला.

चहा झाल्यावर आण्णा म्हणाले, “न्ह्या तुमी. खरं एकदा पळताना बगा त्येला. मग जावा.”

घरामागं ज्वारी काढलेलं रान होतं. आण्णांनी पट्टा सोडला, तोंडानं एक लांब आवाज काढला आणि बांधावर हात केला. पलीकडं होल्यांचा थवा दाणे टिपत होता. गुंड्यानं एकदा बाईंकडं बघितलं आणि सुटला. छत्तीस किलोचं धूड, पण चारी पाय जमिनीवरनं सुटले. त्या मोकळ्या रानात मी पुन्हा खोलीवर एकटा राहणारा नवा डॉक्टर झालो होतो, आणि मला घरी जायचं नव्हतं. होले उडाले. गुंड्या अर्ध्या रानात दमला, बसला, आणि जीभ काढून डुलत डुलत परत आला.

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. “आणि मी याला शिरा चारत होते.”

“ज्वारीच्या कण्या आन् ताक द्या,” आण्णा म्हणाले. “बरगड्या दिसल्या तर भिऊ नगासा. दिसाय पायजेत.”

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

“डॉक्टरसाहेब, वय सोडलं तर बाकी समदं जुळत हुतं न्हवं?”

“जुळत होतं, आण्णा.”

“मग मला येवढं सांगा. माझा पाखऱ्या आता कसा दिसत असंल? मी चार वर्सं जुनाच पाखऱ्या हुडकत बसलोय. आता त्यो म्हातारा झाला असंल की.”

असला तर. चार वर्षं बाहेर राहिलेलं नऊ वर्षांचं कुत्रं. मला आकडेमोड येते, आण्णांनाही येत असणार. मी गाडीच्या बॉनेटवर लेटरपॅड ठेवलं. तोंड पांढरं झालेलं असेल, नाकापासून डोळ्यांपर्यंत. भुवयाही पांढऱ्या. डोळ्यांत निळसर झाक. उठताना मागचे पाय ताठ पडतील. कोपरांवर घट्टे. सही केली, शिक्का नव्हता. समोर नसलेल्या कुत्र्याचा कागद मी नोकरीत कधी दिला नव्हता. आण्णांनी घडी करून तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

गुंड्या आता सत्तावीस किलोचा आहे. बाईंना गल्लीतले लोक विचारतात, कुत्र्याला उपाशी ठेवता का म्हणून, आणि बाई त्यांना उभं करून भूगोल शिकवतात. क्लिनिकमध्ये मी एक नियम केलाय. तपासणी झाली की इस्माईल कार्ड मोठ्यानं वाचतो, मग मी तोंड उघडतो. आधी वय, मग जात, आणि कुत्रं कुणाचं हे मी सांगत नाही.

आण्णांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. परवाही आला होता.

“संकेश्वरच्या बाजारात एक दिसलं. बदामी हाय. छातीवर पांढरं हाय.”

“तोंड?”

“तोंड काळंच हाय.”

“मग नव्हे, आण्णा.”

“न्हवंच. म्हाईत हाय,” आण्णा म्हणाले. “तरी तासभर बसलोतो तितं.”